विश्लेषण : मेट्रो विमानतळापर्यंत आली, पण रात्री एकला उतरणाऱ्याचे काय?

मुंबईच्या विमानतळावरून शहरात येण्यासाठी आज पूर्वीपेक्षा जास्त पर्याय आहेत. भुयारी मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलजवळ आहेत आणि नवी मुंबईत दुसरा विमानतळही सुरू झाला आहे. मात्र स्वस्त पर्याय दिवसा चालतात आणि विमाने चोवीस तास उतरतात. ही तफावत कशी भरून काढता येईल?

दिवसा कोणता पर्याय सोयीचा?

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दक्षिण मुंबईकडे जायचे असेल, तर मेट्रो ३ म्हणजे अ‍ॅक्वा लाइन हा दिवसाचा सर्वांत भरवशाचा मार्ग. आरे ते कफ परेड या ३३.५ किमीच्या मार्गावर २७ स्थानके आहेत आणि तिकीट १० ते ७० रुपये. बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट थेट गाठता येते. घाटकोपर किंवा वर्सोव्याकडे जाणाऱ्यांना मरोळ नाक्याला मेट्रो १ मध्ये गाडी बदलता येते.

सामान कमी असेल तर लोकल अजूनही सर्वांत स्वस्त. टी-१ ला विलेपार्ले आणि टी-२ ला अंधेरी स्थानक जवळचे. अंधेरी ते चर्चगेट दुसऱ्या वर्गाचे तिकीट १० रुपये. मात्र स्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते आणि गर्दीच्या वेळी मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.

उपनगरात जाणाऱ्यांसाठी रिक्षा सोयीची. पण तिची हद्द पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीवपर्यंत. पुढे टॅक्सीच लागते.

रात्री हिशेब कसा बदलतो?

मेट्रो ३ ची पहिली गाडी टोकाच्या स्थानकांवरून पहाटे ५.५५ च्या सुमारास सुटते आणि शेवटची रात्री १०.३० च्या सुमारास. लोकलही साधारण रात्री एक ते पहाटे चार बंद असते. आंतरराष्ट्रीय विमानांची मोठी वर्दळ मात्र मध्यरात्रीनंतरच असते.

त्यामुळे एक विचित्र स्थिती तयार होते. रात्री दोनचे विमान पकडणारा प्रवासी शेवटच्या मेट्रोने टर्मिनलवर पोहोचू शकतो. रात्री एकला उतरणाऱ्याला मात्र ती सोय नाही. पहाटे सहाचे देशांतर्गत विमान असेल तर जातानाही मेट्रो उपयोगाची नाही, कारण पहिली गाडी सुटते तेव्हा विमानाचे दरवाजे बंद झालेले असतात.

आता पैशांचे पाहू. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरांनुसार काळी-पिवळी टॅक्सीचे पहिल्या दीड किमीचे भाडे ३१ रुपये आणि पुढे प्रति किमी २०.६६ रुपये. टी-२ ते सीएसएमटी हे अंतर सुमारे २५ किमी धरले, तर मीटरप्रमाणे दिवसा साधारण ५१५ रुपये होतात. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत २५ टक्के जादा, म्हणजे सुमारे ६४५ रुपये. मेट्रोचे महागात महाग तिकीट ७० रुपये. म्हणजे एकाच शहरात, एकाच अंतरासाठी, केवळ विमान उशिरा उतरले म्हणून नऊपट खर्च.

हा प्रश्न फक्त प्रवाशांचा आहे का?

नाही. विमानतळ चालतो तो सामान चढवणारे, सफाई करणारे, सुरक्षा तपासणी करणारे, खाद्यपदार्थांच्या काउंटरवर उभे राहणारे अशा पाळीत काम करणाऱ्या माणसांवर. प्रवासी वर्षातून दोनदा टॅक्सीचे पैसे मोजेल. ज्याला कामाच्या ठिकाणाहून गाडी मिळत नाही, त्या कामगाराला रात्रपाळी सुटल्यावर रोज टॅक्सी परवडणारी नाही. तो पहिल्या लोकलची वाट पाहत बसतो. विमानतळाच्या वाहतुकीचा विचार करताना डोळ्यांसमोर बॅगवाला प्रवासी येतो, हा कामगार येत नाही.

मग मेट्रो रात्रभर का चालवत नाहीत?

रुळ, सिग्नल आणि वीजपुरवठा यांची देखभाल करायला मेट्रोला रात्रीचे काही तास लागतात. एकाच जोडमार्गावर चोवीस तास गाड्या चालवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने सोपे नाही. दिल्लीत २०११ पासून विमानतळासाठी स्वतंत्र एक्स्प्रेस मेट्रो आहे, तीही रात्री बंद असते. त्यामुळे ‘मेट्रो चोवीस तास करा’ ही मागणी ऐकायला बरी असली, तरी उत्तर तिथे नाही.

उत्तर बसमध्ये आहे. बेंगळुरूचा विमानतळ २००८ मध्ये शहरापासून सुमारे ३५ किमीवर देवनहळ्ळीला गेला. तिथे अजून मेट्रो पोहोचलेली नाही. पण ‘वायु वज्र’ या वातानुकूलित बस शहराच्या वेगवेगळ्या भागांतून विमानतळाला जातात आणि काही मार्गांवर रात्रीही धावतात. बससाठी बोगदा खणावा लागत नाही, फक्त वेळापत्रक ठरवून ते पाळावे लागते.

रात्रीच्या बस रिकाम्या धावतील, हा आक्षेप अपेक्षित आहे. पण विमाने कधी उतरणार आणि पाळ्या कधी बदलणार, हे आधीच ठाऊक असते. बसच्या वेळा त्यानुसार लावता येतात. इतकी नेमकी आगाऊ माहिती शहरातल्या दुसऱ्या कुठल्या बसमार्गाला क्वचितच मिळते.

नवी मुंबईत काय वेगळे व्हायला हवे?

टी-२ चा इतिहास इथे आठवायला हवा. हे टर्मिनल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. मोटारींसाठीचा सहार उन्नत रस्ता त्याच वेळी तयार होता. मेट्रोचे स्थानक सुरू झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. मोटारवाल्याला पहिल्या दिवशी रस्ता मिळाला आणि बाकीच्यांना दहा वर्षांनी मेट्रो.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ मात्र अजून उभी राहायची आहे. उरण मार्गावरचे तरघर हे जवळचे रेल्वे स्थानक. पण या मार्गावर दोन गाड्यांमधले अंतर मुख्य मार्गांपेक्षा बरेच जास्त आहे आणि स्थानकापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा वाहन लागते. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. म्हणजे पुन्हा तोच क्रम : आधी मोटार, मग बाकीचे.

मेट्रो व्हायला वर्षे लागतील, हे मान्य. पण तोवर तीन गोष्टी करता येतात. मेट्रो बंद असलेल्या तासांत दोन्ही विमानतळांवरून दक्षिण मुंबई, बोरिवली, ठाणे, वाशी आणि पनवेल या दिशांना ठरलेल्या वेळेची बस. तरघर ते टर्मिनल प्रत्येक लोकलला जोडून फेरी. आणि सामान घेतो त्या पट्ट्याजवळच, पुढची बस किती वाजता व कुठून, हे मराठीत सांगणारा फलक.

प्रवाशांनी सध्या काय करावे?

तिकीट काढताना विमानतळाचा कोड पाहावा. मुंबईचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत जाऊ शकतात, म्हणून उतरण्याची वेळही हिशेबात धरावी. रात्री दहाच्या आत उतरणारे विमान थोडे महाग असले, तरी घरापर्यंतच्या खर्चासह ते स्वस्त पडू शकते.

हा हिशेब प्रवासी करतील. बस सुरू करणे मात्र त्यांच्या हातात नाही. ते काम दोन महापालिका, राज्य सरकार आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला एकत्र बसून करावे लागेल, आणि त्यासाठी मेट्रो ८ ची वाट पाहायचे कारण नाही.