बाबांची केरसुणी घेतली, बाकीचे केव्हा घेणार?

गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. त्यांच्या पुण्यतिथीस आमच्याकडे गावोगाव सकाळी रस्ते झाडतात, रात्री कीर्तन होते, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागतो. पिपरी मेघे येथील आमच्या वाचक बंधुभगिनींस आम्ही आज एवढेच विचारतो: बाबांनी आपल्याला केरसुणीच तेवढी दिली काय?

परटाच्या घरी जन्मलेल्या त्या साधूने दहा गोष्टी सांगितल्या. बेघरांस आसरा आणि बेकारांस रोजगार ह्या त्यांतल्याच दोन. सरकारने 2000 साली बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली, हे चांगले केले. पण एकाच तोंडून निघालेल्या दहा गोष्टींपैकी स्वस्त तेवढी उचलावी आणि खर्चाच्या दोन खुंटीला टांगाव्या, हा कोणता न्याय?

घराचेच पाहा. पिपरी मेघे नावाने खेडे, पण वर्धा शहराच्या अंगाला चिकटलेले. जागेचा भाव शहराचा, हातावर पोट असणाऱ्याची मिळकत मात्र खेड्याची! प्रधानमंत्री आवास योजनेत 2016 साली ग्रामीण घरकुलास 1 लाख 20 हजार ठरले. राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यांतले 15 हजार छपरावरील सौर वीज घेणाऱ्यासाठी. एवढ्यात विटा, लोखंड, सिमेंट आणि मजुरी कशी भागते, हे कोणत्याही गवंड्यास विचारावे. शिवाय ज्याच्या नावावर जागाच नाही त्याने घर आकाशात बांधावे काय? जागा घेण्यास 1 लाखापर्यंत मदत आहे खरी, पण शहराच्या कडेला तेवढ्यात काय मिळणार?

रोजगाराचीही तीच गत. सरकारने 2024 मध्ये तरुणांसाठी कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना 6 हजार, पदवीधरास 10 हजार. मुदत सहा महिन्यांची, ती पुढे पाच महिन्यांनी वाढविली. पण मुदत सरल्यावर पोराने काय करावे? त्याच साली 20 सप्टेंबरला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीस वर्ध्यास आले होते. लोहार, कुंभार, चांभार, न्हावी अशा अठरा धंद्यांना त्या योजनेत हत्यारांसाठी 15 हजार आणि कमी व्याजाचे कर्ज आहे. हत्यार मिळाले, पण गिऱ्हाईक नसेल तर हत्यार गंजते आणि कर्ज तेवढे वाढते.

पैसा नाही, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. 1972 च्या दुष्काळात ह्याच महाराष्ट्राने वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर नेली, 1975 मध्ये नोकरदार व व्यावसायिकांवर कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा केला, आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. मागेल त्यास काम हा हक्क ठरला. मनात आले की मार्ग निघतो, हे सरकारनेच दाखविले आहे. साबणाच्या वडीवर कर भरणारा आमचा मजूर भीक मागत नाही, आपल्याच पैशाचा हिशेब मागतो.

दुसरे कोणी म्हणेल, भजनी मंडळाने ह्या भानगडीत का पडावे? आम्ही म्हणतो, मग कोणी पडावे? बाबा गावात आले की आधी रस्ता झाडीत आणि मग भाकरी घेत. फुकट खाणे त्यांस ठाऊक नव्हते. म्हणून काम मागणे हे त्यांच्याच वाटेने जाणे आहे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःस झोपडी ठेविली नाही. देवळाच्या कळसास वर्गणी देणाऱ्या हातांनी शेजाऱ्याच्या गळक्या छपरासाठी अर्जावर सही करावी, ह्यात धर्म बुडत नाही, तरतो.

तेव्हा गावोगावच्या भजनी मंडळांनी, महिला बचत गटांनी आणि तरुणांनी पुण्यतिथीच्या कीर्तनानंतर तासभर बसावे. बेघरांची आणि बेकार पोरांची यादी करावी. तीन मागण्या लिहाव्या: भूमिहीनास आधी जागा; घरकुलाची रक्कम आजच्या भावाने; आणि घरकुलांचे व सरकारी बांधकामाचे काम आधी गावच्याच गवंडी, सुतार, लोहारांस व शिकाऊ पोरांस. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, नोंदवहीत लिहिल्याखेरीज उठू नये, आणि त्याची नक्कल जिल्हा परिषदेस व आमदारास द्यावी.

रस्ता झाडून झाला आहे. आता त्या रस्त्याने जाऊन आपला हक्क मागावयाचा आहे.