‘बोर्ड गेलाय’ म्हणण्यापूर्वी

टॅबलेटच्या काचेवर बोट फिरविले तरी काही हालत नाही, लेखणीने काढलेली रेघ मध्येच तुटते, किंवा वायर जोडूनही संगणक त्या यंत्रास ओळखच देत नाही, अशी तक्रार घेऊन मनुष्य दुरुस्तीच्या दुकानात गेला, की तेथील कारागीर यंत्र दोनदा उलटेपालटे करून, पाठीमागचे झाकण उघडण्याची तसदीही न घेता, जो निकाल ऐकवितो तो बहुधा दोनच शब्दांचा असतो: ‘बोर्ड गेलाय’. या निकालावर अपील नाही. खर्चाचा अंदाज नव्या यंत्राच्या किमतीच्या आसपास जातो आणि गिऱ्हाईक मुकाट्याने नवे यंत्र घेते. आमची फिर्याद कारागिरांच्या सचोटीविरुद्ध नाही. त्यांच्यापैकी पुष्कळजण हाताचे कुशल आणि मनाचे सरळ असतात. फिर्याद आहे ती चौकशीवाचून शिक्षा सुनावण्याच्या रिवाजाविरुद्ध. कारण दोष कोठे आहे हे शोधण्याची बरीचशी साधने खुद्द त्या यंत्रातच असतात आणि ती वापरण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

आजच्या टॅबलेटच्या काचेला बोटाचा दाब कळत नाही. तिच्याखाली इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाचे उभे-आडवे जाळे पसरलेले असते. बोट जवळ आले की जाळ्याच्या त्या ठिकाणची विद्युत्‌धारिता किंचित बदलते, आणि हा बदल पिकोफॅरडच्या, म्हणजे एका फॅरडच्या लाख कोटीव्या भागाच्या, हिशेबात मोजावा लागतो. इतक्या नाजूक मोजणीत हलक्या प्रतीच्या चार्जरने कालविलेला विद्युत्‌गोंगाट मिसळला, म्हणजे कोणी हात न लावता पडद्यावरची पाने उलटू लागतात आणि भलतीच अक्षरे उमटतात. घरातले लोक याला भुताटकी म्हणतात, दुकानदार ‘टच गेला’ म्हणतो. चार्जर काढून टाकल्यावर हा प्रकार थांबला, तर दोघांचेही म्हणणे खोटे ठरते. तो थांबला नाही, तर अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ नावाची सोय आहे, ती चालू करून बोटाने काचेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश जवळजवळ रेघा ओढाव्यात. दर खेपेस रेघ त्याच एका पट्ट्यात तुटत असेल तर पॅनेल किंवा त्याची फ्लेक्स, म्हणजे पॅनेलला बोर्डाशी जोडणारी चपटी पट्टी, यांवर संशय घेण्यास सबळ आधार मिळतो. रेघा सरळ उमटून विशिष्ट ॲपमध्येच अडचण येत असेल, तर पॅनेल बदलण्याचे पैसे पाण्यात जातील.

या काचेचा एक पक्षपात मात्र आम्हांस विशेष खटकतो. नांगर, कोयता, खुरपे धरून ज्यांच्या बोटांवर जाड, कोरडे घट्टे पडले आहेत, त्यांचा स्पर्श तिला नीट जाणवत नाही. उलट पावसाचा थेंब पडला की तिला ते बोट वाटते. आपल्या राज्यात 2021च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, तेही ऐन पावसाळ्यात, आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करावी असे ठरले. या कामात कोणाचे बोट चालत नसेल तर त्याला अडाणी ठरविण्याआधी, ज्या हातांसाठी हे यंत्र योजले त्या हातांवर त्याची परीक्षा कोणी घेतली होती, हे विचारणे रास्त आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, 2011 साली, केंद्र सरकारने गाजावाजा करून आणलेल्या पहिल्या ‘आकाश’ टॅबलेटचा दाबाने चालणारा पडदा साऱ्या देशाच्या चेष्टेचा विषय झाला होता; परंतु त्या पडद्याला नख चाले, पेनचे टोपण चाले, घट्टे पडलेले बोटही चाले!

लेखणीचा कारभार निराळा आहे. वॅकॉम या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या लेखणीत बॅटरी नसते. पडद्यामागच्या तारांच्या वेटोळ्यांतून येणाऱ्या चुंबकीय लहरींवरच ती चालते, आणि म्हणून चुंबक लावलेल्या कव्हरामुळे तिची रेघ वाकडी होऊ शकते. दुसऱ्या जातीच्या लेखण्यांना स्वतःची बॅटरी लागते आणि एका कंपनीची लेखणी दुसऱ्या कंपनीच्या काचेवर चालेलच असे नाही. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की वॅकॉम पद्धतीच्या यंत्रात बोटाचा थर आणि लेखणीचा थर हे वेगवेगळे असतात; सबब लेखणी चालते पण बोट चालत नाही, ही साक्ष बोर्डाला निर्दोष ठरविण्याच्या बाजूने बरीच वजनदार आहे. शिवाय टेकलेल्या तळहाताचे डाग उमटू नयेत म्हणून, लेखणी काचेजवळ असेपर्यंत पुष्कळ यंत्रे बोटाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करतात. तेव्हा लेखणी दूर ठेवून बोट चालते का, एवढे तरी आधी पाहावे.

आणि वायर! सर्वांत स्वस्त वस्तू ती, आणि संशय सर्वांत शेवटी तिच्यावर. यूएसबीच्या वायरीत वीज वाहणाऱ्या तारा वेगळ्या आणि मजकूर वाहणाऱ्या वेगळ्या असतात, व बाजारातल्या कित्येक स्वस्त वायरींत दुसऱ्या प्रकारच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे ‘चार्जिंग तर होतंय, म्हणजे वायर चांगली आहे’ हा सर्वमान्य युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. 2014 साली आलेल्या टाइप-सीने तोंडांचा आकार एक केला, युरोपीय संघाने 2024च्या अखेरीस नव्या मोबाइल-टॅबलेटसाठी तोच सक्तीचाही केला, पण एकाच आकाराच्या दोन वायरींच्या पोटात काय दडले आहे याचा पत्ता बाहेरून पूर्वीइतकाच लागत नाही. वायर एका बाजूने खोचली तर चालते आणि उलटी खोचली तर चालत नाही, असे झाले तर तोंडातल्या 24 संपर्कबिंदूंपैकी एका बाजूचे बिंदू मळले वा झिजले असण्याचा संभव मोठा. खिशातला कापसाचा बोळा आत दाबून बसलेला असतो, तो यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढता येतो. अँड्रॉइड यंत्र संगणकाला जोडले असता मुळात ‘फक्त चार्जिंग’ इतकीच परवानगी देते. कुलूप उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्यावाचून आतले दप्तर खुले होत नाही, हे माहीत नसल्याने चांगल्या यंत्रांचीही दुकानवारी घडते.

खाजगी मनुष्य फसला तर त्याचे नुकसान त्याच्यापुरते राहते. सरकारी खरेदीत तसे होत नाही. 2021 सालीच राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. संच निकृष्ट आहेत, ते वारंवार बिघडतात, आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी मारला जातो, ही त्यांची कैफियत होती. दोष पुरवठादाराचा, चार्जरचा की वापरणाऱ्याचा हे ठरविण्याची रीतच नसेल, तर भुर्दंड कोणी सोसावा याचा निवाडा हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने होतो, आणि मानधनावर काम करणारी बाई त्या क्रमात अगदी तळाशी असते. म्हणून शाळांकरिता, अंगणवाड्यांकरिता वा तलाठ्यांकरिता अशी यंत्रे घेताना निविदेतच अटी घालाव्यात: प्रत्येक यंत्रासोबत मजकूर वाहून नेणारी एक जादा वायर, लेखणी असल्यास तिची बदलावयाची टोके, टच-पॅनेल आणि चार्जिंग पिन यांचे दर आधीच बांधलेले, आणि वर सांगितलेल्या तपासण्या क्रमाने लिहिलेला एक मराठी कागद, ज्यावर प्रत्येक तपासणीचा निष्कर्ष भरून सेविका व पुरवठादाराचा माणूस या दोघांच्याही सह्या होतील. तो कागद भरल्याखेरीज कोणाच्याही मानधनातून एक रुपया कापता येणार नाही, एवढे कलम त्याच निविदेत असावे.