वेलीच्या भरवशावर!

दोस्तांनो, सात-आठ मजली इमारतीच्या टोकावर तुम्ही उभे आहात, अशी कल्पना करा. कठडाबिठडा काही नाही. दोन्ही घोट्यांना रानातली एकेक वेल बांधलेली. खाली माणसं नाचताहेत, गाताहेत, शिट्ट्या घालताहेत. आणि आता तुम्हाला डोकं खाली करून उडी मारायचीय! काय, आला ना पोटात गोळा?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. त्यातल्या पेंटेकोस्ट बेटाच्या दक्षिण भागात साधारण एप्रिल ते जून या काळात अशा उड्या मारतात. आपल्या कोनफळाच्या जातीचे कंद हे तिथलं मोलाचं पीक. ते निघायला लागलं की उड्यांचा हंगाम सुरू. उडी मारणाऱ्याचे केस किंवा खांदे जमिनीला नुसते घासून गेले, की पुढचं पीक भरघोस येणार, अशी तिथली समजूत!

याची सुरुवात कशी झाली, त्याची गोष्ट भारी आहे. एक बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून रानात पळाली आणि एका उंच झाडावर चढली. नवराही चढला मागोमाग. तो पकडणार तेवढ्यात तिने खाली उडी घेतली. त्यानेही घेतली. पण बाई हुशार! तिने आधीच पायाला वेली बांधल्या होत्या. ती वाचली, नवरा गेला. पुन्हा कुणी असं फसू नये म्हणून मग पुरुष वेली बांधून उड्या मारायला शिकले म्हणे. गंमत बघा, युक्ती बाईची, पण आता बायकांना मनोऱ्याच्या जवळही येऊ देत नाहीत. त्यांनी लांबून नाचायचं आणि गायचं. हे मला काही पटत नाही बुवा!

तो मनोरा २० ते ३० मीटर उंच असतो. झाडाच्या खोडाभोवती लाकडं रचून ती वेलींनीच बांधतात, खिळा एकही नाही. खालची माती खणून, दगडगोटे वेचून भुसभुशीत करतात. उडी मारायची फळीसुद्धा अशी बसवतात, की वेल ताणली गेली की तिचे आधार मोडतात, फळी खाली झुकते आणि धक्का कमी होतो. पण खरं कसब आहे वेल निवडण्याचं. कुणाला किती लांब वेल, हे जाणती माणसं अंदाजानेच ठरवतात. वीतभर जास्त झाली तर संपलंच! शिवाय वेल ताजी आणि लवचीक हवी. ती तशी मिळते पावसाळा सरल्यावर. म्हणून तर एप्रिल!

हा हंगाम मोडला, तर काय होतं? १९७४ साली या देशाचं नाव न्यू हेब्रिडीज होतं आणि तिथे ब्रिटन आणि फ्रान्स मिळून राज्य करत होते. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ दौऱ्यावर येणार, तिला या उड्या दाखवायच्या, असं साहेबांच्या मनात आलं. पण राणी आली फेब्रुवारीत. वेली तयार नव्हत्या. तरी मनोरा उभा राहिला, उड्या झाल्या. एकाच्या वेली तुटल्या आणि तो जमिनीवर आपटला. पुढे इस्पितळात तो मरण पावला. राणीच्या वेळापत्रकासाठी वेली थोड्याच लवकर तयार होणार!

पुढे १ एप्रिल १९७९ रोजी इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावरून काही धाडसी तरुणांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या. कल्पना पेंटेकोस्टचीच. तोच आजचा बंजी जंपिंगचा खेळ. रबराला मात्र फेब्रुवारी काय नि एप्रिल काय, सारखंच. (गच्चीवरून दोरी बांधून प्रयोग करू नका हं!)

पेंटेकोस्टची मुलं सात-आठ वर्षांची झाली की खालच्या फळीवरून पहिली उडी मारतात. त्या वेळी आई त्याची लहानपणची एखादी आवडती वस्तू, समजा एखादं फडकं, हातात धरून उभी असते. पोरगा सुखरूप खाली आला, की ती ते फडकं फेकून देते. आता त्याला ते लागणार नाही!