पोरीची रायफल घरी येते तेव्हा



खरं तर या आठवड्यात वाळवणांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण तिरोड्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आणि वाळवणं पुढच्या अंकावर गेली. पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. मुलगी नववीत आहे. शाळेतर्फे एअर रायफलच्या नेमबाजीत विभागापर्यंत जाऊन आली. आता नागपूरला ओळखीतल्या एका घरी परदेशी बनावटीची, स्पर्धेची जुनी रायफल अर्ध्या किमतीत मिळते आहे. थोरले दीर राइस मिलमधली यंत्रं दुरुस्त करतात, हाताला कसब आहे. ते म्हणतात, "आणा घरी, चाप घासून लोण्यासारखा करून देतो, जोरही वाढवतो." त्यांच्याकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर आहे. पोरगी पुढे मोठ्या बंदुकीवर गेली तर काडतुसं घरीच भरू, पैसे वाचतील, असंही त्यांचं म्हणणं. शेवटी बाई लिहितात, "भाऊजींना नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला जीव धजत नाही. काय करू?"

ताई, तुमचं पत्र वाचून मला चार वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. आमच्या मोठीची रायफल पहिल्यांदा ओसरीत ठेवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "काहून वं, पोरीच्या हाती बंदूक देऊन राहिली?" आज त्याच सासूबाई स्पर्धेला निघताना नातीच्या हातावर दही ठेवतात. नेमबाजी काही पुरुषांचीच नव्हे, हे आपल्या महाराष्ट्राने केव्हाच दाखवून दिलं आहे. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. तेव्हा मुलीला जरूर खेळू द्या. प्रश्न आहे तो घरात येणाऱ्या वस्तूचा. तिची काळजी आपण घ्यायची, पण आपला हात कुठे थांबवायचा हेही शिकायचं.

आधी तारीख बघा

रायफल घेण्याआधी रंग, लाकूड, चकाकी काही पाहू नका. नळीखाली जे लांबट सिलिंडर असतं, त्यावरची तारीख वाचा. गॅसचं सिलिंडर घेताना आपण कड्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्षाचा आकडा बघतो ना? ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. तशीच ही तारीख. स्पर्धेच्या रायफलीच्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट! नावाजलेल्या कंपन्या या सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात. त्यानंतर ते वापरायचं नाही. मुदत संपलेली नाही ना, हे बघण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे, आणि स्पर्धेच्या वेळी तपासणीतही ते पाहिलं जाऊ शकतं.

जुन्या रायफलींत घोटाळा असतो तो इथेच. रायफल पन्नास वेळा चांगली चालून दाखवतील, पण सिलिंडर बारा वर्षांचं असेल तर "अजून छान चालतंय हो" या बोलण्याला काही अर्थ नाही. ताई, तुम्ही त्याच मॉडेलच्या नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून कमी करायला सांगा. ऐकलं नाही तर उठून या. तारीख खरवडलेली किंवा वरून रंग दिलेला दिसला, तर किंमतसुद्धा विचारू नका.

चाप आणि जोर

आता भाऊजींच्या कानसीबद्दल. चापाच्या आतले दोन पोलादी तुकडे एकमेकांत केसाएवढे अडकलेले असतात. ते घासले तर चाप हलका होईल, पण उद्या छर्रा भरून झाकण लावतानाच बार उडेल. स्पर्धेच्या रायफलीला चापाचं वजन कमी-जास्त करायचे स्क्रू बाहेरूनच दिलेले असतात. ते प्रशिक्षकांनी फिरवावेत आणि किती फेरे दिले ते वहीत लिहून ठेवावं. मुलगी पिस्तुलाकडे वळली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एअर पिस्तुलाच्या चापाला निदान ५०० ग्रॅम वजन पेलावंच लागतं. त्याहून हलका असला तर तपासणीतच अडवतात.

जोर वाढवण्याची तर गरजच नाही. निशाण १० मीटरवर, कागदाचं. त्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा. तिथे जोर काय कामाचा? स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा ७-८ ज्यूल जोराने जातो, तेवढं पुष्कळ झालं. उलट २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी साडेचार मिलीमीटरपेक्षा मोठी किंवा जोर २० ज्यूलपेक्षा जास्त झाला, तर हवेच्या बंदुकीलाही परवाना लागतो. म्हणजे निशाणाला फायदा नाही आणि दाराशी पोलिस!

काडतुसं घरी? मुळीच नाही

मोठ्या रायफलीचं ऐका. मुली ५० मीटरवर खेळतात ती .२२ बोअरची रायफल. कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटरमध्येच कांस्यपदक मिळवलं, ते याच बोअरवर. या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो. चाप ओढला की काठ चेपतो, आणि मग ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. म्हणजे भाऊजींचा बेत तिथेच संपला. नेमबाज काय करतात, तर निरनिराळ्या घाण्यातली काडतुसं आपल्या रायफलीत मारून बघतात, जिचे बार सर्वांत जवळजवळ पडतील ती निवडतात आणि त्याच घाण्यातली पेटी घेतात.

बारा बोअरची पुंगळी पुन्हा भरता येते हे खरं. पण बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि काडतुसं बनवायचा वेगळा. १९५९ चा शस्त्र कायदा त्याबाबत कडक आहे. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी ज्या घरात स्वयंपाकाची शेगडी आणि देवापुढचं निरांजन पेटतं, त्या घरात बंदुकीची दारू मोजायला बसायचं? नको गं बाई.

मग आपण काय करायचं?

पुष्कळ करायचं आहे. आधी माझी फजिती सांगते. पहिल्याच पावसाळ्यात मला वाटलं, एवढी महागाची वस्तू, गंज धरेल. घेतली शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणि नळीत चार थेंब सोडले. सकाळच्या गाडीने पोर नागपूरला स्पर्धेला गेली. छर्रे सगळीकडे पांगले. संध्याकाळी ती काही बोलली नाही, नुसतीच भिंतीकडे तोंड करून झोपली. प्रशिक्षकांनी नळीतून बघितलं आणि फोनवर मला म्हणाले, "वहिनी, नशीब म्हणा, तेल हवेच्या झडपेत गेलं नाही. एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणून ही यादी तुमच्यासाठी:

१. वापरानंतर बाहेरच्या लोखंडी भागावरून कोरडं, मऊ कापड फिरवावं. घामाचे डाग राहिले की गंज धरतो. तेल लावायचंच तर कापडाला एक थेंब, आणि तेही फक्त बाहेरून.

२. नळीत फक्त फेल्टच्या गोळ्या घालाव्यात. त्या मागून पुढे, छर्रा जातो त्याच दिशेने ढकलाव्यात. तारेचा ब्रश कदापि नको. किती छर्ऱ्यांनंतर साफ करायची, ते रायफलीच्या पुस्तिकेप्रमाणे.

३. रबरी कड्यांना साधं तेल लावू नये. पुस्तिकेत सांगितलेलं सिलिकॉनचं ग्रीसच वापरावं.

४. हवा कोरडीच भरावी, आणि सावकाश. भरलेलं सिलिंडर आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात, बंद गाडीत ठेवू नये. ऊन तापलं की आतला दाब वाढतो.

५. आपल्या भागात तळी आणि धानाच्या बांध्या, हवा ओली. पावसाळ्यात पेटीतला फोम ओलावा धरतो. आठवड्याला पेटी उघडून पंख्याखाली ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात.

६. छर्रे शिशाचे असतात. ते डबीतच ठेवावेत, खिशात नाही. कड चेपली की नेम जातो. दातात धरू देऊ नये. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. निशाणामागची धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडकं वेगळं ठेवावं.

७. नेमबाजीचं जाड जॅकेट धुवायच्या यंत्रात घालू नये, सावलीत वाऱ्यावर टाकावं. तांदळाची कांजी लावून ताठ करायचा मोह झाला तर आवरा! जॅकेटचा ताठपणा स्पर्धेत यंत्राने मोजतात.

८. रायफल रिकामी, नळीतून सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली, कुलपात. छर्रे दुसऱ्या कपाटात. किल्ली आईकडे.

राहता राहिले भाऊजी. ताई, त्यांना नुसतं नाही म्हणू नका, काम द्या. वाढत्या मुलीचा दस्ता आणि गालाखालची फळी दर काही महिन्यांनी सरकवावी लागते. ते मिलीमीटरने मोजून वहीत उतरवायला त्यांच्यासारखा कसबी माणूस हवा. भिंतीलगत छर्रे अडवणारी भक्कम लोखंडी पेटी, निशाणावरचा दिवा, रायफल टेकवायचं लाकडी स्टँड, हे सगळं त्यांच्या हातून होऊ द्या. आणि मुलीलाच म्हणायला सांगा, "मोठे बाबा, चापाला सर हात लावू देत नाहीत." कानशीचं काम कुठे करायचं नाही, हे त्यांना एकदा कळलं की तेच दुसऱ्यांना अडवतील. आमच्याकडे सासूबाई अडवतात. मशीनच्या तेलाची कुपी त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, मला शिवताना मागून घ्यावी लागते.

सौदा झाला की कळवा. सिलिंडरची तारीख काय निघाली, तेही लिहा.

पुढच्या अंकात राहिलेली वाळवणं.