नितळ आणि निर्मळ

‘नितळ’ आणि ‘निर्मळ’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वर्गात मी त्यांतला भेद सांगू लागलो, की मुलांना तो मास्तरांचा काथ्याकूट वाटतो. परंतु दूर कॅनडातल्या काही तळ्यांत हा भेद माशांच्या जिवावर बेतला.

ऑन्टॅरिओ प्रांतात ला क्लोश नावाचे पांढरे डोंगर आहेत. तिथल्या लम्सडेन तळ्यात १९६६ साली टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरल्ड हार्वे यांनी सुमारे ४००० सामन मासे सोडले. वर्षभरात ते नाहीसे झाले! मग त्यांचे विद्यार्थी रिचर्ड बीमिश यांनी डॉक्टरेटच्या अभ्यासात या तळ्यांचा छडा लावला.

पाणी तर आरशासारखे! पण १९६१ साली ज्या पाण्याचा पीएच ६.८ होता, तो १९७१ साली ४.४ वर आला. म्हणजे दहा वर्षांत आम्लता सुमारे अडीचशे पट झाली. मूळ होते ६५ किलोमीटरांवरच्या सडबरी गावी. तिथल्या खाणींतले निकेल-तांब्याचे खनिज गंधकयुक्त. ते भट्टीत घातले, की गंधकाचा धूर आकाशात जाई आणि पावसातून आम्ल होऊन उतरे. डोंगर पडले गारेच्या दगडाचे. आम्ल मारायला त्यांत चुना नाही.

चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. सगळे मासे काही एकदम मेले नाहीत. माद्यांच्या पोटी अंडी असत, पण ती घातलीच जात नसत. थोरले मासे पाण्यात फिरत होते, पाळणा मात्र हलेना. वडीलधारी मंडळी हिंडती-फिरती दिसली, की घर नांदते आहे असेच बाहेरच्याला वाटायचे!

हार्वे-बीमिश यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सडबरीत ३८१ मीटर उंचीचे धुराडे उभे राहिले. गावची हवा सुधारली. धूर लांबच्या मुलखात गेला. पुढे कायद्याचा बडगा आला, गंधकाचा धूर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, आणि २०२० साली ते धुराडेही थंडावले. कित्येक तळ्यांचे पाणी सुधारले, काहींत मासे पुन्हा नांदू लागले. पण त्याला कित्येक दशके लागली.

तेव्हा वाचकहो, पाण्याची परीक्षा करताना तळाचा खडा दिसतो का, एवढेच पाहून भागायचे नाही. पिल्ले दिसतात का, तेही विचारावे.