गाडी उंच, बांध सपाट

मागच्या आषाढात काकांचा फोन आला. "जरा शेतावर ये. बांध फुटलाय." नेरळच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गेलो. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरून गेलं होतं. लावणी होऊन चार दिवस झाले होते, टाकलेलं खतही पाण्याबरोबर गेलं. राबात रोप उरलं नव्हतं, त्यामुळे जेवढं उपटलं तेवढं गेलंच. चेपलेल्या बांधावर एक रुंद ठसा होता, कडेला मोठे चौकोनी ठोकळे. काकांनी विचारलं, "कुठली गाडी असेल रे?"

गाडी मला माहीत नव्हती. टायर माहीत होता. त्या नक्षीचे टायर त्याच महिन्यात मी तीन गाड्यांना बसवले होते. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो.

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी माझ्या दुकानासमोर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, तेहतीस बसेल का? लिफ्ट किती इंच करू?" माझं म्हणणं सरळ आहे. कर्जत-खालापूरच्या मातीत त्या तेहतीसचा आणि त्या लिफ्टचा तुम्हाला जवळपास काही उपयोग नाही. नुकसान मात्र आहे, आणि ते बहुतेक दुसऱ्याचं आहे.

आधी हिशोब बघा. थारच्या १८ इंची चाकावर २५५/६५ मापाचा टायर येतो. त्याची उंची साधारण ३१ इंच. तुम्ही ३३ घातला, म्हणजे दोन इंच वाढले. पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो एकच इंच वर जातो. आणि लिफ्ट? उंच स्प्रिंगने बॉडी वर जाते. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, जो खरा दगडाला अडतो, तो होता तिथेच राहतो. म्हणजे एवढा खर्च करून सगळ्यात खालच्या भागाला मिळाला एक इंच.

त्या बदल्यात काय गेलं? गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला, म्हणजे घाटातल्या वळणावर ती जास्त झुकणार. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला, त्याचे रबरी बूट लवकर फाटणार. चाक जड झालं, ब्रेक तेवढेच राहिले. मीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८५ ने जात असाल. गिअरही तेवढाच लांब झाला, म्हणून जिथे हळू आणि जोरात ओढायचं तिथेच गाडी दमणार.

"पण चिखलात मोठाच टायर लागतो ना?" चिखल कुठला ते बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा टायर जेमतेम सहा इंच रुंद होता. वर पातळ चिखल आणि खाली कडक तळ असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. वाळूत उलट असतं. कुठल्याही मापाच्या टायरला खरी पकड द्यायची असेल तर कच्च्या वाटेवर वेग कमी ठेवून हवा थोडी उतरवा आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी पुन्हा भरा. त्याला एक प्रेशर गेज आणि एक छोटा कॉम्प्रेसर पुरतो. पण त्याचा रील चांगला दिसत नाही.

आमच्या डोंगराकडे बघा. १९०७ पासून माथेरानला चढणाऱ्या गाडीचा रूळ दोन फुटांचा आहे. दस्तुरीचा घाट १३ इंची चाकांच्या ईको टॅक्सी रोज चढतात, भर पावसात, पाठीमागे माणसं भरून. ते जमतं कारण चालवणाऱ्याला वळण पाठ आहे आणि कुठे थांबायचं ते कळतं. दस्तुरीच्या पुढे तर खाजगी मोटारीला प्रवेशच नाही, तुमचा टायर केवढाही असो. आमचे शेतकरीसुद्धा चिखलणीला लावलेली लोखंडी चाकं काढून मगच पॉवर टिलर रस्त्यावर आणतात. ज्याचं काम जिथे, ते तिथेच.

कुणी म्हणेल, अडचणीच्या वेळी अशा गाड्या मदतीला येतात. पूर आलेल्या गावात फोर-बाय-फोर नक्की उपयोगी पडते, ते मी नाकारत नाही. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वरपर्यंत रस्ताच नव्हता. मदत करणारे पायी चढले. तिथे ना तेहतीस उपयोगाचा होता, ना पस्तीस. म्हणून मदतीचं नाव घेऊन ओढ्यात गाडी घालू नका.

कायद्याचंही सांगतो, कारण दुकानदार ते सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

पण माझं खरं भांडण दंडाशी नाही. साध्या गाडीत बसलेला माणूस ओढ्याजवळ येऊन खाली उतरतो. पाणी बघतो, पलीकडे कुणाचं शेत आहे का बघतो, कुणालातरी विचारतो. उंच गाडीतला माणूस उतरत नाही, कारण न उतरण्यासाठीच त्याने पैसे दिलेले असतात. त्याला वरून जे हिरवं मैदान दिसतं, ते कुणाचं तरी वर्षभराचं भात असतं. त्यातला बांध हीच आमची भिंत, आमचा नळ आणि आमची चालायची वाट. तो दरवर्षी हाताने लिंपावा लागतो.

कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापाबाहेरचा टायर मी आता बसवत नाही. धंदा कमी झाला, रांग पुढच्या दुकानात गेली. तुम्ही या जरूर. भजी खा, भिजा, गाडी डांबरावर लावून चालत जा. कच्च्या वाटेवर जायचं असेल तर आधी वाडीत विचारा. लोक वाट दाखवतात, आणि नको म्हणाले तर परत फिरा.

काकांना मी शेवटी त्या टायरचं सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मग रविवारी ये बांध घालायला." मी गेलो. दोन रविवार लागले.