अर्धा वर्ग कॉलेजात, अर्धा स्वयंपाकघरात
सदर : प्रयोगवही



गेल्या अंकात नॉनस्टिक भांड्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच फोन आले. तव्याचे उरलेले प्रश्न पुढच्या खेपेला घेऊ. यावेळचा विषय रसायनशास्त्राचा नाही. मंडळाच्या विद्यार्थी स्वागत समितीत काम करताना एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी आलेली मुलं विचारतात, लग्न होऊन आलेल्या आणि आता पुन्हा शिकायचं म्हणणाऱ्या मुली विचारतात, पुण्या-नागपुराहून आई-वडील फोनवर विचारतात. "हे हायब्रिड म्हणजे नक्की काय? अर्धं घरी बसूनच शिकायचं, तर एवढं कर्ज काढून तिकडे कशाला पाठवलं?"

प्रश्न रास्त आहे. हायब्रिड म्हणा, ब्लेंडेड म्हणा, अर्थ एवढाच की विषयाचे काही तास वर्गात आणि बाकीचं कॉम्प्युटरवर. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली असतात, ती आपल्या वेळेला ऐकायची, छोट्या चाचण्या घरून द्यायच्या आणि चर्चेला किंवा प्रयोगाला कॉलेजात जायचं. यातलं निम्मं तर आपल्या लोकांना जुनंच आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर यूजीसीचे देशव्यापी वर्ग लागत, ते आपल्यातल्या काहींना आठवत असतील. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. त्यांना टीव्हीवर पाठ, पोस्टाने प्रयोगाचं साहित्य आणि उन्हाळ्यात निवासी वर्ग, असा सगळा सरंजाम होता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. अभ्यासकेंद्रात जाऊन संपर्क सत्रं करणारी, नोकरी सांभाळून पदवी घेतलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एखादं तरी सापडेल.

फरक असा की तेव्हा ही सोय ज्याला कॉलेज गाठता येत नाही त्याच्यासाठी होती. आता कॉलेजच्या दारात राहणाऱ्या मुलालाही अर्धा अभ्यास खोलीत बसून करायचा असतो. त्याचं बी आधीच पडलं होतं, आणि आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ते रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी टाकलं. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलचे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी आपले पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मग त्यांच्या ध्यानात आलं की व्याख्यान घरी ऐकून येता येतं, आणि गणितं सोडवताना मात्र मुलाला शिक्षक शेजारी लागतो. म्हणून त्यांनी वर्गच उलटा केला. मार्च २०२० मध्ये सगळ्यांनाच घरी बसावं लागलं, आणि साथ ओसरल्यावर बऱ्याच विद्यापीठांनी त्यातलं काही ठेवून घेतलं.

आपल्या मुलांना या उलट्या वर्गाचा पहिला धक्का कसा बसतो ते सांगते. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे फळा भरून लिहिणारा, नोट्स देणारा. इथे पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक येतात, पाच मिनिटं बोलतात, चौघाचौघांचे गट पाडतात आणि एक प्रश्न देऊन स्वतः टेबलाटेबलांतून फिरत राहतात. मुलगा रात्री घरी फोन करून सांगतो, "बाबा, सर शिकवतच नाहीत. व्हिडिओ बघा म्हणतात." बाबांना वाटतं, फसलो.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तो अशा बाबांना मी आवर्जून सांगते. एका गटाला उत्तम व्याख्यान दिलं, दुसऱ्याला तोच भाग गटात बसून, झटापट करत सोडवायला लावला. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. पण "तुम्ही किती शिकलात असं वाटतं?" असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, डोकं खाजवताना आपण ढ आहोत असं वाटतं. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांच्या तक्रारींवर आई-वडिलांनी फार विसंबू नये.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात मिश्र पद्धतीचे वर्ग नुसत्या समोरासमोरच्या वर्गांपेक्षा सरस ठरले. पण त्याच अहवालाने बजावलं होतं की मिश्र वर्गातल्या मुलांनी पुष्कळदा अभ्यासाला वेळही जास्त दिला होता आणि त्यांना साहित्यही जास्त मिळालं होतं. म्हणजे श्रेय पडद्याला द्यायचं की जास्तीच्या तासांना, हे सांगणं कठीण. मला विचाराल तर तासांना.

रेकॉर्डिंगचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. अमेरिकन, चिनी, रशियन उच्चारांचे प्राध्यापक पहिल्या सत्रात आपल्या मुलांच्या डोक्यावरून जातात. व्हिडिओ थांबवता येतो, सावकाश करता येतो, खाली अक्षरं दिसतात. वर्गात हात वर करून "पुन्हा सांगा" म्हणायची आपल्याला सवय नसते, ते इथे कोणाला न कळता करता येतं.

फसतं ते दुसऱ्या एका प्रकारात. हायफ्लेक्स नावाची पद्धत आहे, सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रायन बीटी यांनी रूढ केलेली. त्यात एकाच वेळी काही विद्यार्थी वर्गात आणि काही झूमवर, ज्याची त्याची निवड. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात प्राध्यापक समोरच्या चेहऱ्यांशी बोलतात आणि पडद्यावरचे भिंतीवरच्या तसबिरींसारखे राहतात. बर्फ पडलं, बस चुकली, म्हणून आज घरूनच, असं करत करत मुलगा सत्रभर तसबीर होतो. पुढे पीएच.डी.ला अर्ज करताना तीन शिफारसपत्रं लागतात, तेव्हा कळतं की नावानिशी ओळखणारे प्राध्यापक एकच आहेत. चौघे रूममेट एका घरात चार हेडफोन लावून बसलेले मी पाहिले आहेत, सगळे एकाच वर्गात! मुलांनो, चालत दहा मिनिटांवर वर्ग असेल तर कृपा करून चालत जा. ऑफिस अवर्सनाही जा, प्रश्न नसला तरी.

प्रयोगशाळेबद्दल मात्र माझं मत कडक आहे. साथीच्या काळात अनेक ठिकाणी मुलांना तयार आकडे देऊन त्यांचं विश्लेषण करायला सांगितलं गेलं. तेव्हा इलाज नव्हता. पण पुढे आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या एका हुशार मुलीला क्रोमॅटोग्राफीचं गणित तोंडपाठ होतं आणि सिलिकाचा कॉलम तिने एकदाही भरलेला नव्हता. भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला की रंगाचे पट्टे वाकडे उतरतात आणि दिवसभराची मेहनत एकमेकांत मिसळते. हे हाताला कळावं लागतं. पुरणाचं पातेलं कधी उतरवायचं हे जसं वाचून कळत नाही, तसंच हे. ज्यांचा विषय हाताचा आहे त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी : प्रत्यक्ष प्रयोगाचे तास किती?

आता व्हिसा. इथे चूक महागात पडते म्हणून नीट वाचा. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने दर सत्रात पूर्णवेळ शिकायला हवं. मास्टर्सला ते सहसा ९ क्रेडिट असतं, विद्यापीठागणिक बदलतं. या पूर्णवेळाच्या हिशेबात ऑनलाइन वर्ग एकच, किंवा ३ क्रेडिट, एवढाच धरला जातो. त्याहून जास्त ऑनलाइन वर्ग घ्यायला हरकत नाही, पण ते पूर्णवेळाच्या वर असावे लागतात. नियमाप्रमाणे ऑनलाइन म्हणजे असा वर्ग की ज्यासाठी व्याख्यानाला, परीक्षेला किंवा इतर आवश्यक कामाला प्रत्यक्ष हजर राहावंच लागत नाही. म्हणून खरा हायब्रिड वर्ग सहसा प्रत्यक्ष वर्गात मोडतो. पण कॅटलॉगात 'हायब्रिड' छापलेला वर्ग विद्यापीठाने सरकारदरबारी कसा नोंदवला आहे, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्यावं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पदवीला शेवटचा एकच वर्ग उरला असेल, तर तो ऑनलाइन घेता येत नाही.

हा नियम किती अंगावर येऊ शकतो ते आपण २०२० मध्ये पाहिलं. मार्चमध्ये सरकारने सूट दिली. मग ६ जुलैला जाहीर झालं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे राहता येणार नाही. ८ तारखेला हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले, १४ तारखेला तो आदेश मागे घेतला गेला. ते आठ दिवस कितीतरी घरांत कुणाला नीट झोप लागली नव्हती. साथीच्या सवलती २०२३ च्या मे महिन्यात संपल्या, तेव्हा मोठ्या भावाने किंवा मैत्रिणीने त्या काळात काय केलं, यावर जाऊ नका.

एच-४ वर असलेल्या भगिनींना हा ऑनलाइनचा नियम लागू नाही. शिकायला आडकाठी नाही, पूर्णवेळ शिका की एकेक विषय घ्या. जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये सुमारे सात हजार डॉलरांत कॉम्प्युटर सायन्सचा संपूर्ण ऑनलाइन मास्टर्स सुरू केला. त्यावर एफ-१ मिळत नाही, पण एच-४ किंवा एच-१ वर इथेच राहणाऱ्याला तो करता येतो. मात्र एच-४ वर राहून पदवी घेतली तर नंतरची ओपीटी मिळत नाही, ती एफ-१ वाल्यांचीच. पदवीनंतर लगेच नोकरी हा हेतू असेल तर हा हिशेब प्रवेशाआधी मांडा. पदवी हातात आल्यावर तो मांडत बसलेल्या दोघीजणी मला ठाऊक आहेत.

पण खरी अडचण कागदांची नाही, घरातली आहे, आणि या लेखाचं निमित्तही तेच. आपल्या मंडळातल्या एक ताई मास्टर्स करत आहेत. वर्ग मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ. एक आठवडा कॉलेजात, एक आठवडा झूमवर. कॉलेजच्या मंगळवारी त्यांचे यजमान सहाला घरी येतात, मुलांना जेवू घालतात, गृहपाठ घेतात, झोपवतातसुद्धा. झूमच्या मंगळवारी तेच यजमान आणि तीच मुलं, पण आई घरीच आहे ना! धाकट्याला पाणी हवं, मोठीला कात्री सापडत नाही, भारतातून आलेल्या सासूबाई हळूच दार उघडून विचारतात, "कुकर किती शिट्ट्यांवर बंद करू?" नऊला दहा मिनिटं असताना माहेरचा फोन येतो, कारण तिकडे सकाळ झालेली असते. घरून परीक्षा देताना कॅमेऱ्यासमोरून कोणी गेलं तरी पंचाईत. ताई मला म्हणाल्या, "माझा वर्ग एकही चुकला नाही, पण निम्म्या वर्गांना मी नव्हतेच."

यात कोणी वाईट नाही. यजमान मदतीला मागे हटणारे नाहीत आणि सासूबाईंना सुनेच्या शिक्षणाचा अभिमान आहे. पण पर्स घेऊन बाहेर पडलेली बाई शिकायला गेली हे दिसतं, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेली शिकते आहे हे दिसत नाही. आणि सहसा बाईच्याच बाबतीत. नवऱ्याची ऑफिसची मीटिंग त्याच टेबलावर असली की घरात सगळे चवड्यावर चालतात!

मिडटर्मचे मार्क पाहून विषय सोडायचा की काय, इथवर गोष्ट आली होती. शेवटी ताईंनी झूमच्या मंगळवारीही घराबाहेर पडायचं ठरवलं. पब्लिक लायब्ररीत अभ्यासाच्या छोट्या खोल्या आधी नाव नोंदवून फुकट मिळतात. यजमानांना ते आधी लागलं. स्वतःचं घर असताना बायकोने लायब्ररीत बसायचं, लोक काय म्हणतील? दोन आठवडे घरात थोडा अबोलाही होता. आता त्या मंगळवारी पिठलं-भाताची जबाबदारी त्यांची आहे आणि कुकर सासूबाईंच्या ताब्यात. फायनल डिसेंबरात आहे.

प्रत्येक गावच्या लायब्ररीत अशी खोली मिळेलच असं नाही, आणि काही ठिकाणी ती दोन तासांवर देत नाहीत. म्हणून आपल्या दोन सभासद कुटुंबांनी आठवड्यातल्या संध्याकाळी आपल्या बेसमेंटची एकेक खोली वर्गासाठी देऊ केली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी समितीला सांगावं. आणखी कोणी देऊ शकत असेल तर तेही कळवावं. वाय-फाय आणि बंद होणारं दार एवढं पुरे.

शिवाय दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालय उघडं असतं, तेव्हा आम्ही तिघंजण एका टेबलाशी बसणार आहोत. पुढच्या सत्राचे वर्ग निवडण्यापूर्वी येऊन जा. येताना वेळापत्रक आणि एफ-१ वाल्यांनी आय-२० ची प्रत आणावी. आम्ही वकील नाही, कार्यालयाला कोणते प्रश्न विचारायचे एवढंच सांगू. मुलांसाठी शेजारच्या खोलीत कॅरम आहे. चहा मंडळाचा, खाणं ज्याचं त्याने आणावं.